1969 च्या पुरात गंगापूर धरणाची भिंत एकाएकी नाहीशी झाली तर?

गोदाकाठी
पर्यायी इतिहासाची दीर्घकथा लिहायला घेतलीय. 1969 चा महापूर, मध्यरात्र, नाशिकच्या वरचं गंगापूर धरण काठोकाठ आणि भिंत नाहीशी होते. फुटत नाही, नाहीशी. का ते विचारू नका, तेवढी मुभा द्या. रामकुंडावर पाणी किती वेळात येईल? माझ्या आराखड्यात लाट पंचवटी, सायखेडा, कोपरगाव धुऊन नेते आणि शेवटी पैठणचं जायकवाडी धरण तिला अडवतं. पटतंय का?

सांडव्यावरचा
सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, म्हणून बोलतो. जायकवाडी आधी खोडा. पायाभरणी 1965 ची, पूर्ण व्हायला 1976 उजाडलं. काश्यपी, गौतमी ही धरणंही तेव्हा नाहीत, वरचं सगळं पाणी गंगापुरातच.

गंगापूर मातीचं. मातीचं धरण फुटतं तेव्हा पाणी आधी माथ्यावरून सांडतं किंवा आतून वाट काढतं, मग खिंडार पडतं, ते रुंदावत जातं. 1961 ला पानशेत फुटलं तेही एका क्षणात नाही. तुम्ही तो वेळच काढून घेतलाय. याचं गणित रिटर नावाच्या माणसानं 1892 मध्ये मांडून ठेवलंय: भिंत क्षणात काढली, तर तिच्या जागी पाण्याची खोली मूळच्या चार-नवमांश होते आणि काही काळ तशीच राहते. पात्रापाशी तीस मीटर पाणी धरा, म्हणजे तेरा मीटरचा लोंढा. पण हा फक्त पात्रापाशी! भिंत जवळजवळ चार किलोमीटर लांब आहे, टोकांना पाणी उथळ असतं. हौशी लेखक सरसकट चार किलोमीटर रुंदीची लाट सोडून मोकळे होतात. खाली दरी जेवढी, तेवढीच लाट.

आज धरणात 5630 दलघफू (दशलक्ष घनफूट) मावतं, तेव्हा गाळ कमी म्हणजे थोडं जास्तच. एवढं तासाभरात निघालं तर सरासरी पंधरा लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट! रामकुंडाजवळचा दोतोंड्या मारुती बुडाला की आपण महापूर म्हणतो, तो विसर्ग हजारांत मोजतात. रामकुंड नदीनं पंधरा-एक किलोमीटर. रिटरचं सूत्र घर्षण धरत नाही, त्यामुळे लाटेचं तोंड ताशी शंभराच्या वर पळतं. तो आकडा घेऊ नका. खडक, वळणं, सोमेश्वरचा धबधबा, काठची झाडं, सगळं धरून माझा अंदाज अर्धा ते पाऊण तास. फ्रान्समध्ये 2 डिसेंबर 1959 च्या रात्री मालपासेचं कमानी धरण असंच एकदम गेलं, चारशेच्या वर माणसं गेली. तिथलं पाणी आपल्या एक-तृतीयांशही नव्हतं.

भांडीबाजारकर
काका, आकडे ठीक, पण माणसं कुठं आहेत त्या रात्री? गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर म्हटल्यावर आमच्याकडे कुणी झोपत नाही. पाणी नारोशंकराच्या देवळातल्या घंटेकडे चढायला लागलं की दुकानं रिकामी. आधी वह्या वर जातात, मग तांबं-पितळ. हंडे चिखलानं भरले तरी धुऊन निघतात, उधारीच्या वहीचा लगदा झाला की वसुली संपली. म्हणजे तुमच्या कथेत घाटावरचे लोक आधीच वरच्या आळीत, ओळखीच्यांच्या ओसरीवर बसलेत. नेहमीच्या पुराला ती जागा पुरते. या पुराला नाही.

पैठणवाला
आमच्यापर्यंत लाट कसली येतेय, वाटेत पसरून नुसता फुगवटा उरेल. कथा आजच्या काळात घेतलीत तर भरलेल्या नाथसागरातल्या (जायकवाडीच्या जलाशयातल्या) 102 टीएमसीपुढे (अब्ज घनफुटांपुढे) हे पाणी पाच-सहा टक्के. वरच्या धरणांतलं पाणी मागणारा मराठवाडा म्हणेल, एकदाचं समन्यायी वाटप झालं!

गोदाकाठी
😀 मग 1969 च्या कथेत नाशिकच्या खाली बदलतं काय? लाट ओसरली की कथाच संपते.

सांडव्यावरचा
अहो, तिथं तर सुरू होते. सन बघा. 1961 ला पानशेत आणि खडकवासला. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप, धरणाला तडे गेले पण ते उभं राहिलं. त्यावर 1969 ला गंगापूर. आठ वर्षांत तिसरा दणका, त्यातली दोन मातीची धरणं. आणि त्याच वेळी पैठणला कसलं धरण उभं राहतंय? मातीचंच. विधानसभेत पहिला प्रश्न काय येईल सांगा. काम थांबलं, निदान दहा वर्षं रखडलं, तर मराठवाड्यातले कालवे, ऊस, औरंगाबादचं पाणी, सगळंच पुढं ढकललं जातं. शिवाय लाट गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून नाशिकच्या डाव्या कालव्याला पाणी नाही, आणि द्राक्षाचे मळे अजून बाळसं धरतायत.

तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक, 1963 ते 1975. त्यांच्या तोंडी भाषण घालणार असाल तर ते शेतकऱ्याच्या अंगानं बोलू द्या, अभियंत्याच्या नको.

गोदाकाठी
जायकवाडी अडवतं तो प्रसंग खोडला. आता जायकवाडी अडतं, असा लिहितोय. काका, पैठणला 1969 पर्यंत भिंत कुठवर आली होती, ते तुमच्या खात्यातल्या कुणाला आठवत असेल का?

सांडव्यावरचा
बघतो. एक जण आहे, पण तो फोनवर बोलत नाही, घरी चहाला जावं लागतं.