लेवितानच्या चित्रातली पानगळ एवढी उजळ का?

पेन्सिलतुकडा: लहानपणी वह्यांना रशियन मासिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं घालायचो. माझ्या भूगोलाच्या वहीवर इसाक लेवितानचं 'सोनेरी शरद' होतं. पिवळीधमक बर्चची झाडं, शेजारून निळी नदी. मूळ चित्र १८९५चं, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीतलं. परवा वाचलं की त्याच वर्षी नैराश्यात त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. तेव्हापासून चित्र बघताना घोटाळा होतोय. यात दुःख आहे कुठे?

खोडरबरकाकू: शोधूच नकोस रे. तीस वर्षं चित्रकला शिकवली. पानगळ म्हटलं की मुलं आधी करडी बाटली उघडायची. चरित्र बाजूला ठेव, रंग बघ. नदी आकाशापेक्षा गडद आहे ना? त्या निळ्यामुळेच पिवळा पेटलाय. नदीवर बोट ठेवून झाक, पिवळा लगेच मवाळ होतो. राईतच दोन अ‍ॅस्पेन आहेत, पानं जवळजवळ झडलेली, उरलीत ती तांबडी. गळणं म्हणायचं तर तेवढंच. उदास लेवितान हवा असेल तर १८७९चं सोकोल्निकी बागेचं चित्र बघ: काळसर उंच पाइन, लांबलचक वाट आणि काळ्या कपड्यांतली एकटी बाई. (ती बाई त्याची नव्हेच! निकोलाय चेखवनं काढून दिली, लेखक चेखवचा भाऊ.) तेव्हा लेवितान १९ वर्षांचा होता.

आणि 'शरद' हे भाषांतरच मला खटकतं. आपला शरद म्हणजे कोजागिरीचं आटीव दूध. पानं झडतात ती शिशिरात.

रब्बीवाला: चित्रातलं काही कळत नाही, पण काकू, उजवीकडं नदीपल्याड हिरवं शेत आहे ते कुणीच बोललं नाही. तिकडं हिवाळी पीक बर्फ पडायच्या आधी पेरतात. उगवून येतं, बर्फाखाली थांबतं आणि वसंतात वाढीला लागतं. म्हणजे झाडं झडतायत तेव्हा रान उगवतंय. आमच्या सोलापुरात शाळू याच दिवसांत उगवतो. ह्या माणसानं शेत बघून रंगवलंय.

खोडरबरकाकू: घ्या! एवढी वर्षं मी त्याला गवत समजत होते.

पेन्सिलतुकडा: आत्ता माळ्यावरून वही काढली. उजवीकडे नाव-इयत्तेचं लेबल चिकटवलंय. शेत त्याच्याखाली आहे.