वजनाचं कारण सगळीकडे लागू होत नाही
छोट्या कॅमेरा ड्रोनला २५० ग्रॅमच्या आत राहायचं तर काही सोयी सोडाव्याच लागतात, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. माझ्या ड्रोनला बाजूचे अडथळे ओळखणारे सेन्सर नाहीत, ठीक आहे. त्यांना वजन असतं, आणि २०२१च्या ड्रोन नियमांतल्या नॅनो गटात (२५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन) बसायचं तर ग्रॅम ग्रॅम मोजावा लागतो. पण शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ प्रकाश घेते ते, हाताने ठरवता येणं ही निव्वळ सॉफ्टवेअरची बाब आहे, आणि तीही सोय यात नाही! भर उन्हात एफ/२.८ (भिंगाचं छिद्र) आणि आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता) वर शटर साधारण १/३२०० सेकंदाला जातं. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हालचाल मऊ दिसायला १/५० हवं. एनडी ६४ फिल्टर (प्रकाश चौसष्टाव्या हिश्शावर आणणारी गडद काच) लावला तरी ढगाची सावली आली की ऑटो एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेला उजेड, मध्येच बदलतं आणि शॉट वाया जातो.

वेपॉइंटचंही, म्हणजे उड्डाणाच्या वाटेवरचे बिंदू आधी ठरवून ठेवण्याच्या सोयीचंही, तेच. गावामागचा डोंगर मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये नेमक्या त्याच मार्गाने टिपायचा होता. तीन संध्याकाळी अंदाजाने उडवून पाहिलं, जुळलंच नाही. जीपीएसवर घरी परत येता येतं, मग वाटेतले चार बिंदू का लक्षात ठेवता येऊ नयेत? ही सोय त्याच कंपनीच्या महागड्या मॉडेलात आहे, याचा खरा राग येतो.