कँटिलिव्हर पट्टी: पहिलं पीक दुप्पट, तिसरं जवळजवळ गायब

प्रश्न:
स्टीलची पट्टी, ५०० × ३० × ५ मिमी, एक टोक आवळलेलं. संगणकी मॉडेलच्या मोडल विश्लेषणात (नैसर्गिक वारंवारता) १६.३, १०२ आणि २८६ हर्ट्झ आले, टेस्टशी जुळतात. टेस्टमध्ये तिन्ही मोडचा डॅम्पिंग रेशो (कंपन किती झपाट्याने विरतं त्याचं माप) साधारण १ टक्का. पहिला आणि तिसरा मोड धरून रॅले डॅम्पिंगचा अल्फा (वस्तुमानाचा गुणांक) ०.३०८ आणि बीटा (स्टिफनेसचा) ०.००००६६ काढला. पण हार्मोनिकमध्ये (एकेका वारंवारतेने हलवून प्रतिसाद बघताना) पहिलं पीक टेस्टच्या दुप्पट, तिसरं जेमतेम सहावा हिस्सा. मेश (मॉडेलचे तुकडे) बारीक करूनही ढिम्म फरक नाही.

उत्तर १:
मेशला हात लावू नका. वारंवारता जुळतात म्हणजे स्टिफनेस आणि वस्तुमान ठीक आहे. सूत्रात तुम्ही हर्ट्झ घातलेत, तिथे रेडियन प्रति सेकंद हवेत: १०२.४ आणि १७९७.
अल्फा = २ × रेशो × गुणाकार ÷ बेरीज = १.९४
बीटा = २ × रेशो ÷ बेरीज = ०.००००१०५
तुमच्या आकड्यांनी पहिल्या मोडला ०.४९ टक्का मिळतो, तिसऱ्याला ६. म्हणूनच दुप्पट आणि सहावा हिस्सा.

उत्तर २:
आकडे बरोबर, पण आता दुसरं पीक दुप्पट येईल. रॅलेचा वक्र दोन टोकांच्या मध्ये खाली झुकतो: १०२ हर्ट्झला फक्त ०.४९ टक्का. पुढे चढतो, चौथ्या मोडला (५६० हर्ट्झ) जवळपास १.९. तिन्ही मोडना १ टक्काच हवा असेल तर हार्मोनिकसाठी रॅले सोडा आणि स्ट्रक्चरल डॅम्पिंग द्या. त्याचा गुणांक, लॉस फॅक्टर, रेशोच्या दुप्पट, म्हणजे ०.०२. ॲन्सिस सॉफ्टवेअरमध्ये डीएमपीएसटीआर (स्ट्रक्चरल डॅम्पिंग) या आज्ञेला ०.०२ किंवा डीएमपीरॅट (डॅम्पिंग रेशो) या आज्ञेला ०.०१. दोन्ही एकदम दिलेत तर बेरीज होते, आणि मग पीक निम्मं का झालं म्हणून नवा प्रश्न!

प्रश्नकर्ता:
हेच ०.०२ नॅस्ट्रान सॉफ्टवेअरच्या ट्रान्झियंटला (काळानुसार हालचाल) चालेल?

उत्तर २:
नुसतं नाही. डायरेक्ट ट्रान्झियंटमध्ये पॅरॅम जीसोबत (पूर्ण मॉडेलचा डॅम्पिंग गुणांक) डब्ल्यू३ (ज्या वारंवारतेला तो जुळवायचा ती) द्यावा लागतो. तो शून्य राहिला तर जी धरलाच जात नाही आणि पट्टी हलतच राहते. मटेरियल कार्डावरच्या जीईसाठी (त्या मटेरियलचा डॅम्पिंग गुणांक) तसाच डब्ल्यू४. दोन्ही रेडियनमध्येच, हं.

उत्तर ३:
फ्रिक्वेन्सी स्टेपही बघा. १ टक्क्याला १६.३ हर्ट्झवर हाफ-पॉवर रुंदी (माथ्याच्या ०.७ पट उंचीवरची पीकची रुंदी) फक्त ०.३३ हर्ट्झ. स्टेप १ हर्ट्झची असेल तर पीकचा माथाच हुकतो. मोडभोवती ०.०५ ठेवा. टेस्टलाही तेच रिझोल्यूशन, म्हणजे २० सेकंदांचं रेकॉर्ड. पडताळा सोपा आहे: पट्टी टिचकी मारून सोडा, १ टक्का खरा असेल तर ११ आवर्तनांत ॲम्प्लिट्यूड निम्मं होतं. नुसत्या स्टीलचं डॅम्पिंग याहून बरंच कमी असतं, बाकीचं शिकंज्यातल्या घर्षणातून येतं. त्यामुळे बोल्ट पुन्हा आवळलात तर रेशो नव्याने मोजा.