मदत हवी आहे: बऱ्याच वर्षांनी गिटार परत सुरू केलीय, मुलीलाही सोबत घ्यायचंय, पण दोघांचंही अडलंय

जुनी_तार
नमस्कार मंडळी. कॉलेजात बऱ्यापैकी वाजवायचो, मग नोकरी, लग्न, बाकी सगळं, आणि गिटार कपाटावर गेली ती गेलीच. आता खाली काढलीय. मुलगी मागे लागलीय की मलाही शिकव, आणि मलाही मनापासून वाटतं की दोघांनी मिळून शिकावं. पण जमत नाहीये. माझी बोटं लगेच हुळहुळायला लागतात, एफ कॉर्ड पूर्वी सहज यायची ती आता नुसती थडथडते, आणि तिला तर तारा दाबल्याच जात नाहीत, जरा वेळ बसते आणि गिटार ठेवून उठून जाते. दोघांत एकच गिटार चालेल का? तिला कुठून सुरुवात करून देऊ? क्लास सुचवू नका, आत्ता शक्य नाही, आणि व्हिडिओच्या लिंकाही नकोत, ढीगभर बघून झालेत. जरा लवकर सांगा, सुट्टी संपायच्या आत तिला गोडी लागायला हवी.

सहज_सुचलं
मुलीचं वय? गिटार स्टीलच्या तारांची की नायलॉनच्या? तारा शेवटच्या कधी बदलल्यात? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाज असेल.

चारच_तारा
सरळ युकुलेले घ्या. चार तारा, नायलॉनच्या, आणि सी कॉर्डला फक्त एक बोट लागतं. माझा मुलगा पहिल्याच आठवड्यात गाण्याबरोबर वाजवायला लागला. आणि त्यात शिकलेलं वाया जात नाही, गिटारच्या खालच्या (बारीक) चार तारांवर पाचव्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की कॉर्डचे आकार तेच येतात.

जुनी_तार
युकुलेले नको, तिला बाबासारखीच हवीय. वय 7. गिटार साधी अकूस्टिक आहे. तारा आहेत त्याच.

सहज_सुचलं
साधी म्हणजे काय? ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात तिथे, त्या पिनांनी खोचल्यात की गाठ मारून बांधल्यात ते बघा. पिना असतील तर स्टीलची. आणि "आहेत त्याच" म्हणजे कॉलेजातल्याच का? एक पट्टी घ्या आणि 12 व्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार आणि फ्रेटची धातूची पट्टी यांच्यामध्ये किती जागा आहे ते मिलिमीटरमध्ये सांगा.

ओव्हरड्राइव्ह
इलेक्ट्रिक घ्या, सगळे प्रश्न मिटतील. 9 नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक तारा असतात, लहान मुलंही दाबतात. हेडफोन लावला की शेजारीपाजारी कोणाला त्रास नाही. अॅम्प (आवाज मोठा करणारा डबा) मात्र ट्यूबचा घेऊ नका, घरात तेवढ्या आवाजाला वाजवता येत नाही, मॉडेलिंगवाले आता खूप चांगले निघालेत, त्यात एकाच डब्यात...

सहज_सुचलं
अहो ते अॅम्पबद्दल कुठे विचारतायत?

ओव्हरड्राइव्ह
पुढे विचारतीलच.

जुनी_तार
पिना आहेत. जागा 4 मिमी, जरा जास्तच. हो, तारा कॉलेजातल्याच, काळ्या पडल्यात, पण तुटल्या नाहीयेत म्हणून बदलल्या नाहीत.

बघतो_करतो
मग त्याच गिटारला नायलॉनच्या तारा लावा ना, दोघांचीही बोटं वाचतील. एवढा विचार कशाला.

सहज_सुचलं
नको. स्टीलच्या नेहमीच्या सेटचा एकूण ताण साधारण 70 किलो, नायलॉनचा 40 च्या आसपास. तुमच्या गिटारचं वरचं फळकूट त्या 70 किलोंच्या हिशोबानं बनवलेलं असतं, नायलॉननं ते हलतच नाही आणि आवाज मेल्यासारखा येतो, शिवाय पिनांत नायलॉनची तार नीट धरत नाही. गिटार मोडणार नाही, पण वाजवावीशीही वाटणार नाही. उलटं मात्र कधीच करू नका, म्हणजे नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा. ब्रिज उखडून हातात येतो.

बघतो_करतो
मी लावल्या होत्या, मला तर आवडला आवाज.

सहज_सुचलं
आवडला असेल, पण सात वर्षांच्या मुलीसाठी गिटारच बदलायची आहे, तारा नाही. मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. जुनी_तार, तुमच्या बोटांचं काही बिघडलेलं नाही, गिटार बिघडलीय. स्टीलच्या गिटारला 12 व्या फ्रेटवर सहाव्या (सगळ्यात जाड) तारेखाली अडीच मिमीच्या आसपास आणि पहिल्या (सगळ्यात बारीक) तारेखाली दोनच्या आसपास जागा असावी. 4 म्हणजे कोणाचीही एफ थडथडणार. एक आणखी बघा: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. केसाएवढी हवी. बरीच जास्त असेल तर नटच्या (मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) खाचा उथळ आहेत, आणि एफचा सगळा त्रास तिथूनच येतो कारण ती कॉर्ड नटला चिकटूनच आहे. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून सेटअप (तारांची उंची वगैरे नीट लावणं) करून घ्या आणि 10 ते 47 चा, म्हणजे बारीक तारांचा सेट लावा.

तोवर एक करा. सगळ्या तारा दोन सेमीटोन खाली उतरवा, म्हणजे डी जी सी एफ ए डी, आणि दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावा. सूर नेहमीचाच राहतो, पण ताण साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतो, नटची उंची मधून निघून जाते आणि फ्रेटही जवळ येतात. 65 सेमीच्या तारेची कॅपोनंतर जवळपास 58 उरते, तेवढी पाऊण मापाच्या गिटारची असते.

प्रश्नचिन्ह
मध्येच विचारतेय, माझा मुलगा डावखुरा आहे, तारा उलट्या क्रमानं लावल्या तर चालेल का?

सहज_सुचलं
स्टीलच्या गिटारवर नाही. ब्रिजवरचं सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तिरकं बसवलेलं असतं, उलट लावल्यावर वरच्या फ्रेटना सूर फसतो, नटच्या खाचाही जाड-बारीक तारांप्रमाणे असतात. डावखुऱ्यांची गिटार वेगळी मिळते. किंवा उजव्या पद्धतीनं सुरू करून बघा, नाहीतरी दोन्ही हातांना काम आहेच.

मंद्रसप्तक
सगळे फ्रेट आणि मिलिमीटर मोजतायत, पण मूल शिकतं ते बैठकीनं. अर्ध्या मापाची नायलॉन गिटार, डावा पाय पाटावर, गिटार डाव्या मांडीवर, अंगठा मानेच्या मागे. आणि टॅब (कुठली तार कुठल्या फ्रेटला ते आकड्यांत लिहिलेलं) अजिबात दाखवू नका, पहिल्या दिवसापासून नोटेशन (रेघांवरची स्वरलिपी). टॅबवर वाढलेल्या मुलांना पुढे साधी ओळ वाचता येत नाही.

चारच_तारा
सात वर्षांच्या मुलीला नोटेशन? ती दुसऱ्या दिवशी गिटारकडे बघणारही नाही.

मंद्रसप्तक
वाचायला शिकतातच ना त्याच वयात? मग हेही शिकतात.

खिडकीपाशी
मुलीबरोबर ह्यातून गेलेय म्हणून लिहिते. मापाबद्दल मंद्रसप्तक बरोबर आहेत. मोठ्या गिटारवर पहिल्या फ्रेटची रुंदी साडेतीन सेंटिमीटरच्या वर असते, अर्ध्या मापाच्या गिटारवर ती तीनच्या आत येते, लहान हाताला हा फरक फार मोठा आहे. तिला स्वतःची गिटार द्याच.

पण ती येईपर्यंत थांबू नका. तिला तुमच्या पुढ्यात बसवा, मोठी गिटार दोघांच्या मिळून पुढे, तुम्ही डाव्या हातानं कॉर्ड धरा आणि वाजवायचं काम तिचं. लय तिची, तुम्ही तिच्यामागे जायचं. आम्ही कित्येक दिवस एवढंच केलं आणि तिचा उजवा हात इतका पक्का झाला की नंतर फक्त डावा शिकायचा राहिला.

आणि स्वतःच्या गिटारवर फक्त खालच्या तीन तारा. काहीच दाबलं नाही की ई मायनर. दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला एक बोट की सी. पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला एक बोट की जी. ह्या तिन्हींवर कितीतरी गाणी निघतात. तुम्हीही एफसाठी अडून राहू नका, चौथ्या तारेला तिसरा, तिसरीला दुसरा, दुसरीला पहिला फ्रेट, पहिली मोकळी. ती एफ मेजर सेव्हन होते, बहुतेक ठिकाणी खपते आणि मला तर जास्त गोड वाटते.

जुनी_तार
खूप खूप धन्यवाद, हे तीन तारांचं मला माहीतच नव्हतं, आज लगेच करतो. पण एक सांगायचं राहिलं. मी घरात नसताना ती एकटी बराच वेळ वाजवते असं बायको म्हणते. मी आलो की ठेवून देते.

खिडकीपाशी
हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतंत! मग ती तारा दाबता येत नाहीत म्हणून उठत नाही. वाजवताना तुम्ही तिला मध्ये थांबवून दुरुस्त करता का?

जुनी_तार
बोट चुकीच्या जागी असेल तर सांगतो. सांगायला नको का? एकदा वाकडी सवय लागली की सुटत नाही.

मंद्रसप्तक
सांगायलाच हवं. मनगट वाकवून दाबलं तर दुखतं, आणि दुखलं की मूल सोडून देतं.

खिडकीपाशी
दुखत असेल तर जरूर सांगा, तेवढ्यापुरतं. बाकी गाणं संपेपर्यंत एक शब्द नाही. ती तुमच्याकडे शिकवणी लावायला आलेली नाही हो, तिला तुमच्याबरोबर वाजवायचंय. माझ्याकडे असं होतं की आधी मी माझं अडलेलं तिच्यासमोर वाजवायचे, चुकत चुकत, आणि तिला विचारायचे कुठल्या तारेचा आवाज नीट येत नाहीये. ती कान लावून बरोबर सांगायची. त्यानंतर तिची पाळी. असं केल्यावर ती आपणहून विचारायला लागली की माझं बोट बरोबर आहे का.

चारच_तारा
+१. आणि तरीही युकुलेलेचा विचार करा.

जुनी_तार
आज तिनं माझी डी कॉर्ड तपासली. पहिली तार वाजत नाहीये म्हणाली, आणि खरंच वाजत नव्हती, माझं तिसरं बोट तिला टेकत होतं. मग आम्ही ते पुढ्यात बसून वाजवायचंही केलं, ती उठली नाही, मलाच जेवायला उठावं लागलं. अर्ध्या मापाची गिटार बघतोय. 10 ते 47 चा सेट आणलाय. आता जुन्या तारा एकदम सगळ्या काढायच्या की एकेक करून? सेटअपवाला पुढच्या आठवड्यात भेटेल, तोवर थांबवत नाही.

बघतो_करतो
एकेकच काढा, एकदम काढल्या तर मान वाकते.

सहज_सुचलं
तासाभरात काही वाकत नाही. एवढ्या वर्षांची धूळ बसलीय, सगळ्या काढून फ्रेटबोर्ड कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. फक्त आधी खुंट्या फिरवून तारा पूर्ण सैल करा आणि मगच कापा, ताणलेली तार कापली की सटकन तोंडावर येते. कापलेली टोकं लगेच उचला, मुलगी आसपास असणार. आणि सेटअपवाल्याकडे जाल तेव्हा ह्याच नवीन तारा लावून न्या, जुन्यांवर मोजून उपयोग नाही.