ट्रान्समला भोकं पाडून इपॉक्सी ओतण्याबद्दल

बोटीच्या ट्रान्समचं, म्हणजे इंजिन टांगतो त्या मागच्या भिंतीतलं, प्लायवूड कुजलंय, तर भोकं पाडून पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) ओतावं, असं एकाने सुचवलंय. कृपया तसं करू नका. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरतच नाही. भोकाभोवती तेवढं कडक होतं, बाकी कुजणं चालूच. आणि आउटबोर्डचा, म्हणजे मागे टांगलेल्या इंजिनाचा, सगळा जोर त्याच भिंतीवर येतो.

आधी हातोडीच्या मुठीने ठोकून पाहा. बद्द आवाज येतो तिथे थर सुटलाय. आतली फायबरची कातडी (प्लायवरचा फायबरग्लासचा थर) कडेने ५०-७५ मिमी सोडून कापा, बाहेरची शाबूत ठेवा. लाकूड काढण्याआधी बोटीला खालून नीट टेकू द्या, नाहीतर बाहेरची कातडी वाकते आणि तो बाक कायमचा बसतो.

नवीन प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) मरीनच घ्या. १९ मिमीच्या दोन थरांनी ३८ मिमी होतात, पण जुनी जाडी मोजून घ्या. चिकटवायला सिलिकाची पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सी, दातेरी पट्टीने पसरून. क्लॅम्प हलकेच आवळा. जास्त आवळलात तर रेझिन बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो.

आतून नवीन फायबर चढवण्याआधी जुन्या कातडीच्या सोडलेल्या कडांना तिच्या जाडीच्या बारापट लांब उतार घासा, मास्क लावूनच. इपॉक्सीसोबत साधी चॉप्ड मॅट (तुकडे केलेल्या काचतंतूंची चादर) नको, तिचा बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा गोंद, पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्येच विरघळतो; बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांना तंतू असलेलं) कापड वापरा.

इंजिनाच्या बोल्टची भोकं मोठी पाडून घट्ट इपॉक्सीने भरा, मग त्यातूनच मापाचं भोक पाडा. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरलेलं असतं.