बोटभर पापलेट कराडच्या बाजारात विकू द्यावे का?

मूळ लेखन (कराड)
गेल्या रविवारी आणलेली सहा पापलेटे मुलाच्या कंपासपेटीतील पट्टीने मोजली. चार माशांची लांबी 11 सेंटिमीटरही भरली नाही. 2023 मध्ये शासनाने सिल्व्हर पापलेटास राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी पकडण्यायोग्य किमान लांबी 135 मिलिमीटर ठरवली. एकदाही अंडी घालण्याआधीच मासा आपल्या कढईत येत असेल, तर समुद्राचे राखण कोकणानेच करावे असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. असा माल घाटावर विकण्यासही बंदी हवी.

प्रतिसाद (पाटण)
मी सहमत नाही. बारीक आसाचे, म्हणजे लहान छिद्रांचे जाळे बोटीवर असते, विक्रेतीच्या पाटीत नसते. मासा कुंभार्ली घाट चढून बर्फाच्या पेटीतून येथे पोहोचतो तेव्हा तो मेलेला असतो आणि त्याला नाकारून तो समुद्रात परत जात नाही. राज्याचा 1981 चा मासेमारी नियमन कायदा किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच चालतो. तपासणी करायचीच तर बंदरावर करा. आणि घाटाचेच बोलायचे तर आपल्या कोयनेचे 67.5 अब्ज घनफूट पाणी वीज निर्माण करून वाशिष्ठीत, तेथून दाभोळच्या खाडीत सोडण्याची तरतूद आहे. खाडीच्या खारेपणावर त्याचा परिणाम काय, हे विचारायला मात्र कोणी पट्टी घेऊन बसत नाही.

मूळ लेखक
कोयनेचा मुद्दा मान्य आहे, तो वेगळ्या चर्चेचा विषय आहे. परंतु मेलेल्या माशाचा युक्तिवाद पटत नाही. आजची पेटी खपली म्हणूनच पुढच्या फेरीत तेच जाळे पडते. लहान पापलेट निम्म्या भावात मिळते म्हणून मीही ते आजवर घेत आलो, हे कबूल करतो.

प्रतिसाद (वाई)
पाटीवालीला दंड नको, घाऊक व्यापाऱ्याला हवा. शिवाय जून-जुलैचा विचार करा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तर पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनलाच संपते. त्यामुळे जुलैत मंडईत आलेल्या पेटीवर बंदराचे नाव लिहिणे सक्तीचे केल्याशिवाय तुमची पट्टी कोणत्या समुद्राचा मासा मोजते, ते कळणार नाही.