33 दिवसांच्या पोपला खरंच विष घातलं होतं का? आमच्या गावात मठावरनं वाद पेटलाय

तूरवाला_निलंगा
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागली तर सांभाळून घ्या. गेल्या महिन्यात आमच्या गावच्या मठाचे महाराज लिंगैक्य झाले. साठीच्या पुढचे, रात्री प्रवचन केलं, भाकरी दूध खाल्लं, झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. दुपारी चारला समाधी देऊन मोकळे. आता गावात दोन पार्ट्या, एक म्हणते अटॅक, दुसरी म्हणते मठाच्या चौदा एकराचं मॅटर हाय, पोस्टमार्टम काहून नाही केलं. त्यात एका पोरानं ग्रुपवर व्हिडिओ टाकला की रोममध्ये 1978 ला सेम असंच झालं, पोप जॉन पॉल पहिले, गादीवर बसून 33 दिवस अन् खल्लास, व्हॅटिकनच्या बँकेची भानगड काढणार होते म्हणून विष घातलं. झालं, आता जो उठतो तो "रोममध्ये होतंय तर इथं का नाही" म्हणलालाय. मठाचं आमचं आम्ही बघू, पण त्या पोपचं खरं काय ते कुणी सांगेल का? व्हिडिओत म्युझिकच जास्त हाय.

धुरामागं_आग
व्हिडिओ उगाच नाही बनत भाऊ. बँकेचं प्रकरण खरंच होतं. व्हॅटिकन बँकेचे प्रमुख आर्चबिशप मार्सिंकस, त्यांचे व्यवहार मिलानच्या बँको अँब्रोसियानोच्या रॉबर्टो काल्वीसोबत. आणि हे पोप आधी व्हेनिसला होते तेव्हा तिकडची एक कॅथलिक बँक या काल्वीलाच विकली होती, ते त्यांना अजिबात आवडलं नव्हतं. पुढं 1982 ला ती मिलानची बँक बुडाली आणि काल्वी लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली फासावर लटकलेला सापडला, खिशात विटा. दुसरा सिंदोना, तोही यांच्यातलाच बँकवाला, 1986 ला जेलमध्ये कॉफीतनं सायनाइड पोटात जाऊन मेला. आता तुम्हीच सांगा एवढी माणसं अशी मरायली आणि पोप तेवढे झोपेत गेले? 1984 ला डेव्हिड यॅलप नावाच्या ब्रिटिश लेखकानं यावर अख्खं पुस्तक लिहिलंय, लाखांनी खपलं.

जालनेकर_मास्तर
लाखांनी खपलं म्हणजे खरं असं नसतं धुरामागं साहेब, नाहीतर लॉटरीचं तिकीट पण खरंच म्हणावं लागेल 😀

आमचं घर कॅथलिक, त्यामुळं हा विषय लहानपणापासून ऐकलेला. वडील सांगायचे, नवीन पोपचा फोटो फ्रेमवाल्याकडं टाकला आणि फ्रेम होऊन येईपर्यंत पोपच बदलले. त्या एका वर्षात तीन पोप झाले. सहावे पॉल 6 ऑगस्टला गेले, 26 ऑगस्टला हे निवडून आले, मूळ नाव अल्बिनो लुचियानी, आणि 28 सप्टेंबरच्या रात्री गेले. वय 65.

आता संशय कुठून सुरू झाला ते ऐका, बँक वगैरे नंतर चिकटली. व्हॅटिकननं जाहीर केलं की सकाळी सेक्रेटरी फादर मॅगी यांनी पोपना मृत पाहिलं. खरं म्हणजे आधी पाहिलं सिस्टर विंचेंझा यांनी, कित्येक वर्षं त्यांची देखभाल करणाऱ्या नन. रोज पहाटे कॉफी ठेवायच्या, त्या दिवशी कॉफी तशीच गार पडलेली दिसली म्हणून दार वाजवलं, मग आत गेल्या. पोप बिछान्यात टेकून बसलेले, दिवा चालू, डोळ्यावर चष्मा, हातात कागद. आता पोपच्या बेडरूममध्ये सगळ्यात आधी एक बाई गेली हे सांगायचं कसं, म्हणून तिचं नावच गाळलं. हातात काय होतं यावर पण आधी म्हणाले भक्तीचं पुस्तक, मग म्हणाले कागद. पत्रकारांनी हे पकडलं, आणि एवढ्याशा गोष्टीत खोटं बोलतात तर मोठ्या गोष्टीत काय असेल असं सुरू झालं ते आजतागायत चालूच आहे.

रातपाळी_सिस्टर
मी नांदेडला आयसीयूला आहे, ड्युटी संपवून लिहिते, चुकलं तर समजून घ्या. या पोपना 1975 ला डोळ्याच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली. आणि गेले त्या दिवशी संध्याकाळी प्रार्थना करताना छातीत दुखलं होतं, थोड्या वेळानं थांबलं, डॉक्टरला बोलवू का विचारलं तर नको म्हणाले. हे 2017 ला इटालियन पत्रकार स्टेफानिया फलास्का यांनी कागदपत्रं आणि तिथल्याच एका ननच्या साक्षीवरून छापलंय. मला तर यात विष दिसत नाही, रोजचा पेशंट दिसतो. आमच्याकडं पण येतात ना, "गॅस झालाय सिस्टर, सोडा पिलो की बरं वाटलं", आणि ईसीजी काढला की पट्टीवरच लिहिलेलं असतं सगळं. बायको मागं उभी राहून सांगते की कालपासून म्हणते चला दवाखान्यात, ऐकतच नव्हते. मोठ्या माणसाला तर चला म्हणणारं पण कुणी नसतं.

पण पोस्टमार्टम झालं नाही हे खरंय. अटॅक हे डॉक्टरांनी बाहेरून बघून सांगितलं. 1989 ला जॉन कॉर्नवेल यांनी चौकशी करून लिहिलं की फुप्फुसात गुठळी गेली असावी आणि त्यांच्या तब्येतीकडं कुणी नीट लक्षच दिलं नाही. म्हणजे गुठळी का अटॅक यावर वाद घाला हवं तर, विषाचा पुरावा कुणीच दाखवलेला नाही.

धुरामागं_आग
पोस्टमार्टम झालं नाही ना? बस. माझा मुद्दा तोच हाय.

जालनेकर_मास्तर
तुमचा मुद्दा पोस्टमार्टम झालं असतं तरी राहिला असता, रिपोर्ट मॅनेज केला म्हणाला असता. बरं हेच पोप 4 सप्टेंबर 2022 ला धन्य (संत होण्याच्या आधीची पायरी) म्हणून जाहीर झाले, त्याच्या चौकशीत डॉक्टरांचे कागद, साक्षी सगळं तपासलंय.

तूरवाला_निलंगा
मास्तर, सिस्टर, लई आभार. तुमचं ते गार कॉफीचं वाचलं आन् डोक्यात एकदम लाइट लागली. आमच्या मठात पण ट्रस्टी म्हणलालेत शिष्यांनी दार उघडलं. पण मठात भाकरी करणारी एक म्हातारी हाय, रोज पहाटे तीच गरम पाण्याचा तांब्या दारात ठेवती. आज सकाळी मुद्दाम तिच्या घरी गेलतो. म्हणाली, "तांब्या तसाच होता बाबा, म्हणून मीच कडी काढली. पाय गार लागले. मग पोरांना हाक मारली." मी म्हटलं आजी हे गावात कुणाला सांगितलं का नाही, तर म्हणाली कुणी विचारलंच नाही, अन् ट्रस्टी म्हणाले बाईचं नाव नको यायला, मठ हाय. आदल्या दिवशी महाराज जिन्यात दोनदा बसले होते दम लागून, हे पण तिलाच माहीत. आता तिला घेऊन उद्या पारावर बसतो, बघू काय होतंय.

धुरामागं_आग
बसा बसा. अन् चौदा एकराचा सातबारा पण काढून आणा सोबत.